शुल्क काढलं की डाळ स्वस्त? आमच्या दाजींचंही हेच म्हणणं

प्रश्न असा की, इंग्लंडने १८४६ मध्ये गव्हावरचं आयात शुल्क काढलं, तसं आपण डाळींवरचं कायमचं काढलं तर डाळ स्वस्त होईल का. हाच दाखला आमचे दाजी (अर्थशास्त्रात एम.ए., मुक्काम पुणे) दर दिवाळीला देतात, म्हणून लिहायला बसलो.

तुरीवर २००६ पासून शुल्क शून्यच होतं. तरी २०१५ च्या दिवाळीत डाळ दोनशेवर गेली. पाऊस नव्हता, आणि बाहेर तूर पिकवणारे म्हणजे म्यानमार नि आफ्रिकेतले दोन-चार देश. आपली गरज दिसली की तेही भाव धरूनच बसणार.

पुढच्या वर्षी सरकार म्हणालं, तूर पेरा. पाऊसही झाला. आम्ही सोयाबीन मोडून पाच एकर तूर केली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५०. फेब्रुवारीत ट्रॅक्टर खरेदी केंद्रावर लावला, तर बारदाना (रिकामी पोती) नाही. बारदाना आला तर ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत तपासणारा, नाही. ग्रेडर आला, त्याने चाळणी मारून माल बाजूला काढला. वडील आणि मी आळीपाळीने अकरा रात्री ट्रॉलीखाली काढल्या. शेवटी आडत्याला ३,८०० ने घातली. १० टक्के शुल्क लागलं ते मार्चच्या शेवटी, आयातीवर मर्यादा आली ऑगस्टमध्ये. तोवर तूर आमच्या घरातून गोदामात गेलेली. शुल्क असावं की नसावं यापेक्षा ते कधी लागतं, हे बघा.

इंग्लंडचा धान्य आयातीवरचा १८१५ चा कायदा जमीनदारांच्या सोयीचा होता. देशी गहू क्वार्टरला (तिकडचं जुनं माप) ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू विकायलाच बंदी! आमच्याकडे नऊ एकर, तेही कोरडवाहू. शिवाय १८४६ ला असले कायदे गेले म्हणून गव्हाचा भाव लगेच कोसळला नाही. खरा पडला तो १८७० नंतर, रेल्वे आणि आगबोटींनी अमेरिकेचा माल आणल्यावर. इंग्लंडचा शेतकरीही तेव्हा खचलाच.

आता, २०१७ ला तुरीचा भाव पडला त्याचं सगळं खापर आयातीवर फोडणं खोटं ठरेल. आपलंच पीक विक्रमी होतं. आणि रोजंदारीवाल्याला डाळ विकतच घ्यावी लागते, त्याला ती शंभरच्या आत आली तर बरंच. पण दाजी रोजंदारीवर नाहीत. २०१५ ला त्यांनी आमटीच्या वाटीकडे बघून आम्हाला भाव ऐकवला होता. २०१७ ला तुरीचं काय झालं, एवढंही विचारलं नाही. ताईला दरवर्षी वीस किलो डाळ जाते, ती त्याही वर्षी गेली.