ज्यूस वर्ल्डवरची 'इनटू द अॅबिस' ही डॉक्युमेंट्री बघण्यासारखी आहे का?

हो, नक्की बघा, फक्त मन घट्ट करून. टॉमी ऑलिव्हरने केलेली ही फिल्म २०२१ मध्ये एचबीओवर आली. ज्यूस वर्ल्ड हा शिकागोचा रॅपर, या पोराचं खरं नाव जॅरड हिगिन्स. २०१८ मध्ये त्याचं 'ल्युसिड ड्रीम्स' हे गाणं बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं, आणि डिसेंबर २०१९ मध्ये, एकविसावा वाढदिवस होऊन जेमतेम सहा दिवस झाले असताना, तो गेला. कारण, ऑक्सिकोडोन आणि कोडीन या नशा आणणाऱ्या वेदनाशामक औषधांचा अतिरेक.

फिल्ममध्ये निवेदक जवळजवळ नाहीच. माइक हातात घेऊन ज्यूस काहीही लिहून न आणता ओळीमागून ओळ रचत जातो, कुठे अडखळत नाही. अशी प्रतिभा मी फार कमी पाहिली आहे. आणि तोच मुलगा कॅमेऱ्यासमोर सहज गोळ्या तोंडात टाकतो. आजूबाजूला माणसांचा राबता, पण हात धरणारं कोणी नाही. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. शेवटच्या विमानप्रवासाबद्दल मित्र बोलतात तेव्हा तर घशाशी येतं.

त्याचं बालपण मात्र फिल्ममध्ये फारसं येत नाही, ती उणीव जाणवते. त्याच्या आईने, कार्मेला वॉलेस यांनी, २०२० मध्ये 'लिव्ह फ्री ९९९' हा निधी सुरू केला. व्यसन आणि नैराश्याशी झगडणाऱ्या तरुणांसाठी तो काम करतो. फिल्म पाहून झाली की त्याबद्दलही जरूर वाचा.