आधी दोनदा मोज, मग सराव दे

प्रिय दोस्त,

तुझा तक्ता पाहिला. 60 डिशमधून क्विनीन या कडू पदार्थाच्या पुलावर सर्वांत जास्त रेंगाळलेले 12 स्लाइम मोल्ड (मेंदू नसलेले, सरपटत पसरणारे जीव) निवडलेस, त्यांना पाच दिवस तोच पूल ओलांडायचा सराव दिलास आणि सहाव्या दिवशी ते झपाट्याने पुढे सरकले. मग सरावाशिवाय बाजूला राहिलेले दोन रेंगाळेही सुधारले कसे, हे तुला कळत नाहीये. निवडण्याआधी प्रत्येक डिश दोनदा मोजली असतीस तर हा प्रश्नच पडला नसता.

हिशोब करून बघ. समजा सगळ्यांची सरासरी 100 मिनिटं, निवडलेल्यांची 160 आणि दोन मोजण्यांमधला सहसंबंध, म्हणजे पहिला आकडा दुसऱ्याशी किती जुळतो त्याचं माप, 0.4. काहीही न शिकवता दुसऱ्या वेळी निवडलेल्यांची अपेक्षित सरासरी येते 100 + 0.4 × 60, म्हणजे 124. छत्तीस मिनिटांची 'प्रगती' फुकटात! संख्याशास्त्रज्ञ गाल्टनने 1886 साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत दाखवलं ते हेच, सरासरीकडे झुकणं. आणि ते उलट्या दिशेनेही दिसतं. दुसऱ्या मोजणीतले टोकाचे निवड आणि त्यांचे पहिले आकडे बघ, तेही सरासरीकडे सरकलेले दिसतील. भविष्यातला सराव भूतकाळात तर शिकवत नाही ना?

म्हणून पुन्हा सांगतो, आधी दोनदा मोज. पहिली मोजणी फक्त निवडीसाठी. दुसरी सराव न देता, आणि तुलना सुरू होते ती तिथून. मग निवडलेल्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट कर: एकाला क्विनीनचा पूल, दुसऱ्याला साध्या अगारचा, म्हणजे नुसत्या जेलीचा. तिसऱ्या मोजणीत दोन गटांमधला फरक बघ. एकाच गटातला 'आधी-नंतर' मला दाखवू नकोस. हट्टीपणा म्हण हवं तर, पण मेंदू नसलेल्या जिवाला निर्णयशक्ती बहाल करायची तर पुरावा जास्तच कडक हवा.

सहसंबंध इतका कमी का असू शकतो, हे जास्त महत्त्वाचं आहे. भुकेचे तास वेगळे, तुकड्यांचे आकार वेगळे, एका डिशचं झाकण सैल राहून अगार सुकलेलं, दुसरीवर उजेड पडलेला. सगळे तुकडे एकाच कॉर्क बोररने (गोल तुकडा कापणाऱ्या नळीने) काप, सारखेच तास उपाशी ठेव, अंधारात ठेव. आणि प्रत्येक मोजणीला ताजं अगार घे. हा जीव मागे चिकट थर सोडतो आणि तो ओलांडायचं टाळतो, हे 2012 मध्ये दाखवलं गेलं आहे. तीच डिश पुन्हा वापरलीस तर तू क्विनीनची नावड मोजतेस की जुन्या वाटेची, हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय तुझे साठही तुकडे एकाच प्लाझ्मोडियमचे, म्हणजे एकाच जिवाच्या पसरलेल्या देहाचे आहेत. एकमेकांना चिकटवलेस तर परत एक होतील. वेगवेगळे वंश घे.

जीवाणूंवर काम करायचं मनात आहे म्हणालीस, तिथेही हाच सापळा आहे. ई. कोलाय या जीवाणूची एका दमात सरळ पोहण्याची धाव सरासरी सेकंदभराची. लांबलचक धावा वेचून 'पुढची धाव आखूड झाली, म्हणजे त्याने ठरवलं' असं लिहिलंस तर मी ते पान फाडीन.

स्लाइम मोल्ड शिकत नाही असं मी म्हणत नाही. 2016 च्या प्रयोगात क्विनीनला सरावलेले स्लाइम मोल्ड कॅफीनला मात्र पूर्वीसारखेच बिचकले. सरासरीकडे झुकणं असा भेद करत नाही, म्हणून तो पुरावा मला पटतो. तुझ्या आराखड्यात तशी एक कॅफीनची चाचणी घाल.

त्या 12 डिशचे आकडे वाचवत बसू नकोस. फिल्टर पेपरवर सुकवलेला साठा असेल तर त्यातून नव्याने सुरू कर. मात्र तो क्विनीन कधीच न भेटलेल्या तुकड्यांचा हवा. मिठाला सरावलेले स्लाइम मोल्ड महिनाभर सुप्त राहून जागे झाले तरी त्यांचा सराव टिकल्याचं 2019 मध्ये दिसलं आहे.