विंडोत चालतं, रात्रीच्या जॉबमध्ये नाही

भाऊ, तुमची यूटीएल_एचटीटीपीची (ओरॅकल डेटाबेसमधून वेब रिक्वेस्ट पाठवणाऱ्या पॅकेजची) प्रोसिजर एसक्यूएल डेव्हलपरच्या विंडोत हाताने चालवली की चालते, पण शेड्युलरच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, जॉबमध्ये ओआरए-२९२७३ (रिक्वेस्ट फसली) आणि खाली ओआरए-१२५३५ टाइमआउट येतो, हे वाचलं आणि लातूरकडच्या साखर कारखान्यातला माझा हंगाम आठवला.

काट्यावर उसाचं वजन झालं की शेतकऱ्याला मेसेज जायचा. मी हाताने चालवलं की जायचा, रात्रीच्या जॉबमधून एकही नाही. आमच्याकडे बाहेर जायची वाट प्रॉक्सी सर्व्हरमधून होती, आणि तो सर्व्हर सांगणारी सेट_प्रॉक्सी ही ज्या सेशनमध्ये (डेटाबेसशी झालेल्या एका जोडणीत) चालवली, त्या सेशनपुरतीच असते. मी ती सकाळी माझ्या विंडोत चालवलेली, प्रोसिजरमध्ये ती ओळच नव्हती. जॉबचं सेशन वेगळं, ते थेट बाहेर जायला बघायचं आणि फायरवॉलला अडकायचं. त्यात मी 'व्हेन अदर्स देन नल' (कुठलाही एरर आला तरी गप्प बस) लिहिलेलं, त्यामुळे एररची कुठे नोंदच नाही. रात्री दोनला ट्रॅक्टर रिकामा करून गेलेल्या माणसाला आपलं वजन कळत नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

नेटवर्क बघणाऱ्या कार्यालयाने वर नऊ दिवस घालवले. रोज एकच उत्तर, 'आमच्याकडे साइट उघडते.' अहो, तुमच्या ब्राउझरमध्ये उघडते! रिक्वेस्ट निघते डेटाबेस सर्व्हरवरून. प्रॉक्सीचा एका रात्रीचा लॉग मागितला तर म्हणाले लेखी अर्ज द्या. तो दाखवला असता तर आमची रिक्वेस्ट प्रॉक्सीपर्यंत पोचतच नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तेव्हा सेट_प्रॉक्सी प्रोसिजरच्या आतच, रिक्वेस्ट सुरू करण्याआधी लिहा. ओरॅकल १२सी पासून डेटाबेस युजरच्या नेटवर्क परवान्याचंही बघा: बाहेरच्या होस्टवर 'एचटीटीपी' आणि प्रॉक्सीच्या होस्टवर 'एचटीटीपी_प्रॉक्सी', दोन्ही लागतात. नसले तर ओआरए-२४२४७ (परवानगी नाही) येतो, तुमचा एरर तो नाही. प्रॉक्सी ४०७ देत असेल, म्हणजे लॉगिन मागत असेल, तर सेट_ऑथेंटिकेशनमध्ये फॉर_प्रॉक्सी ट्रू करा. रिक्वेस्ट बंद करणारी एन्ड_रिस्पॉन्स एक्सेप्शनमध्येही (एरर आल्यावर चालणाऱ्या भागातही) लिहा. एका सेशनला पाचच रिक्वेस्ट उघड्या चालतात, पुढे ओआरए-२९२७०.

आणि ट्रिगरमधून (टेबलात नोंद पडताच आपोआप चालणाऱ्या कोडमधून) वेब रिक्वेस्ट कधीच करू नका, हे माझं ठाम मत. प्रॉक्सी लटकली की काटा लटकतो, बाहेर गाड्यांची रांग लागते. मेसेज टेबलात टाका, जॉब पाठवेल. माझा अनुभव १२सीचा आहे, तुमची आवृत्ती वेगळी असेल तर आधी टेस्ट सर्व्हरवर बघा.

तरीही अडलं तर जॉबच्या आतच, त्या सेशनला कुठली प्रॉक्सी लागली आहे ते सांगणारी गेट_प्रॉक्सी बोलवा, उत्तर टेबलात साठवा आणि ते इथं टाका.