प्रश्न कुणाचा आहे?

अगं,

पीएचडीनंतरच्या, म्हणजे पोस्टडॉकच्या, फेलोशिपांची तुझी एक्सेल फाइल उघडली. फेलोशिपचं नाव, देश, महिन्याचे पैसे, शेवटची तारीख, सगळे रकाने रंगवून भरलेत. तू काय शोधणार आहेस, हा रकाना मात्र नाही. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "मॅडम, ते कॉल, म्हणजे अर्जाची जाहिरात, बघून ठरवेन." पुढे बोलले असते तर वाकडं बोलले असते, म्हणून लिहितेय.

आधी प्रश्न. तोही तुझा.

तुझ्या सरांचं म्हणणं, प्रबंधाचंच काम पुढे ने. कास पठारावरच्या गेंदांच्या, त्या बटणासारख्या पांढऱ्या फुलांच्या, नोंदी झाल्या, आता जर्मनीत जाऊन त्यांच्या डीएनएवर काम कर. काम वाईट नाही, मंजूरही होईल कदाचित. पण गेंद हा सरांचा प्रश्न आहे. पाच वर्षं तू तो सांभाळलास, आता त्यांचा त्यांना परत कर. परीक्षक हेच बघत असतात की ही मुलगी गाईडशिवाय उभी राहील का. युरोपच्या मेरी क्युरी फेलोशिपच्या गुणांकनात 50 टक्के वजन उत्कृष्टतेला, 30 परिणामाला आणि 20 अंमलबजावणीला असतं. त्या पहिल्या पन्नासात उसना प्रश्न लगेच कळतो. आणि तारखांची एवढी धास्ती कशाला? जर्मनीच्या हंबोल्ट फेलोशिपला शेवटची तारीखच नाही. पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत कधीही अर्ज कर, देशाचा कोटा नाही की विषयाचा नाही. आपल्याकडच्या एन-पीडीएफला, म्हणजे राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला, वयाची अट 35, बायकांना त्यात पाच वर्षांची सवलत. घाई तुझ्या डोक्यात आहे, नियमांत नाही.

प्रश्न नाही असं मला सांगू नकोस. राजापूरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, भेगेतलं ट्रायपोगॉन गवत हातात धरून तूच म्हणाली होतीस की हे इथे वाळून पुन्हा हिरवं होतं आणि कासला 1200 मीटरवरही होतं, पण दोन्हीकडचा वेग सारखा असेल का? खारा वारा आणि तापलेला जांभा इकडे, धुकं तिकडे. हा तुझा प्रश्न. आगरकर संशोधन संस्थेनं पश्चिम घाटातल्या अशा वाळून जगणाऱ्या 62 जाती नोंदवल्यात. म्हणजे यादी तयार आहे, आता 'कसं' आणि 'का' विचारणारं माणूस हवंय. केपटाऊनच्या जिल फॅरंट, बॉनच्या डोरोथिया बार्टेल्स यांनी अशाच वनस्पतींवर हयात घालवली. त्यांचे पेपर वाच, मग यजमान प्रयोगशाळा शोध. उलटं करू नकोस.

यजमानाला लिहायच्या मेलचा मसुदाही वाचला. "आय ॲम हायली मोटिव्हेटेड" हे वाक्य काढ. त्यांना तशा मेल रोज येतात. पहिल्या दोन ओळींत गवत, कातळ आणि प्रश्न. तिसऱ्या ओळीत, तुमच्याच प्रयोगशाळेत का. सीव्ही सोबत जोड, मेलमध्ये ओतू नकोस.

वेळापत्रकात पावसाळा कुठे आहे? पोस्टडॉकची वर्षं सप्टेंबरात सुरू होतात असं तू गृहीत धरलंयस. सप्टेंबरात रुजू झालीस तर दोन वर्षांतला दुसरा पावसाळा फेलोशिप संपता संपता येणार. त्याची आकडेमोड कधी करणार, विमानात? मार्च-एप्रिलमध्ये रुजू हो, दोन्ही पावसाळे पदरात पडतील. नमुने बाहेर न्यायचे तर 2002 चा जैवविविधता कायदा आहे, चेन्नईच्या प्राधिकरणाची परवानगी लागते. कासला वनखात्याचीही लागेल. हे अर्जात आधीच लिही. उसन्या प्रश्नावर जाणाऱ्याला असल्या गोष्टी सुचत नाहीत, कारण तो मनातून कधी सड्यावर उभाच राहिलेला नसतो.

आता तू म्हणशील, तुम्हाला बोलायला काय जातं. जातं गं. पीएचडीनंतर माझ्या गाईडच्या मित्राकडे परदेशात मला जागा तयार होती, विषय त्यांचा. मी नाही म्हटलं. मग बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, सुट्टीत एसटीनं सडे फिरले. माझ्या जागी जो गेला तो आज मोठा माणूस आहे, आणि समारंभात भेटला की मला 'अजून तेच चाललंय का?' असं विचारतो. हो, तेच चाललंय! त्याला विचार, त्याचा स्वतःचा प्रश्न कोणता. त्या जागेची खंत मला नाही. खंत पैशाची आहे. बाबांच्या ऑपरेशनला भावापुढे हात पसरावा लागला, ते अजून टोचतं. म्हणून पैशाकडे बघू नकोस असलं मी कधीच सांगणार नाही. पैसे बघ, भरपूर बघ, तुझ्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. फक्त तो रकाना दुसरा ठेव.

सरांना काय सांगायचं याची काळजी करतेयस, ते दिसतंय मला. सरळ सांग, कॉरिडॉरमध्ये नको, वेळ मागून केबिनमध्ये बसून सांग. गेंदांचा राहिलेला पेपर आधी पूर्ण करून दे, म्हणजे त्यांना बोलायला जागा उरणार नाही. ते रुसले तर महिनाभर रुसतील. त्यांचं शिफारसपत्र तुला लागणार आहे, तेव्हा आवाज चढवू नकोस. माझ्यासारखा तर अजिबात नको.

माझं पत्र हवंय म्हणालीस. देईन. पण रविवारपर्यंत मला एक परिच्छेद पाठव, मराठीत लिहिलास तरी चालेल. त्यात फेलोशिपचं नाव नको, देश नको, सरांचं नाव नको. ते गवत आणि तुला त्याचं काय कळत नाहीये, एवढंच. तो आला की पत्राला बसते.

तुझी,
मॅडम