कमरेची बॅग पहिल्यांदाच शिवतेयस ना, मग चेन आधी लाव
कापड जुन्या जीन्सचं घे, सुळसुळीत नायलॉन नको, ते सुईखाली सरकत राहतं आणि उगाच वैताग येतो. सुई 16 नंबरची. चेन सगळ्यात आधी, कापड सपाट असतानाच लाव, शिवताना चेनचा रनर (उघड-बंद करताना सरकवतो तो) आडवा आला की सुई कापडात रुतवूनच ठेव, मशीनचा कापड दाबून धरणारा पाय उचल, रनर मागे सरकव आणि मग पुढे जा, टीप अजिबात वाकडी होत नाही. आणि हो, बाजू जोडताना चेन अर्धी उघडी ठेव गं, माझी बंद राहिली होती, बॅग सुलटीच करता येईना, सगळी उसवली! पट्ट्याच्या टोकांना चौकोन शिवून आत फुली मार, सगळा ताण तिथेच येतो.