रात्रीचा रेडिओ आणि तोंडाळपणाचा पगार

प्रश्न : आम्ही लीड्सला राहतो. मुलगा सतरा वर्षांचा, इयर 13 ला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासात बरा आहे. गेले काही महिने जेम्स व्हेल नावाच्या जुन्या रेडिओवाल्याच्या क्लिप्स रात्ररात्र ऐकतो. हा माणूस फोन करणाऱ्यांचा सरळ पाणउतारा करतो आणि मध्येच फोन तोडतो. मुलगा म्हणतो, ‘मला हेच करायचंय, युनिव्हर्सिटी नको.’ त्याचे बाबा म्हणतात, तोंडाळपणाला कुणी पगार देतं का? दोन-तीन वर्षांत पुण्याला परतायचाही विचार आहे. तिथे याचा काही उपयोग होईल का? घरात रोज वादावादी चालते. काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, आधी तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर देते, ते सोपं आहे. देतात, आणि व्हेलला तर पन्नास वर्षं दिला. फक्त तो पगार नुसत्या तोंडाळपणाचा होता का, हे तुमच्या मुलाने नीट पाहिलेलं दिसत नाही. त्याच्या हाती क्लिप्स आल्यात. क्लिप दोन मिनिटांची असते आणि कार्यक्रम कित्येक तासांचा.

हा माणूस रेडिओत आला कसा, तेवढं सांगते. ब्रिटनमध्ये खासगी रेडिओ ऑक्टोबर 1973 मध्ये सुरू झाला. त्याआधी अधिकृत रेडिओ म्हणजे बीबीसी. पुढच्या काही वर्षांत शहराशहरांत स्टेशनं उघडली आणि माणसं कमी पडू लागली. रात्रीची शिफ्ट तर कुणालाच नको होती. लंडनच्या टॉप शॉप या कपड्यांच्या दुकानात गाणी लावणारा हा पोरगा 1974 साली न्यूकॅसलच्या मेट्रो रेडिओवर रात्रीच्या फोन-इनला, म्हणजे श्रोत्यांचे फोन घ्यायच्या कार्यक्रमाला बसला तो असा. वय तेवीस. पुढे तो तुमच्याच लीड्समध्ये आला. बर्ली रोडवर रेडिओ एअर नावाचं स्टेशन होतं. 1988 मध्ये यॉर्कशायर टेलिव्हिजनने त्या स्टुडिओत कॅमेरे नेले आणि रेडिओवरचा रात्रीचा कार्यक्रम जसाच्या तसा टीव्हीवर दिसू लागला. मुलगा ज्या क्लिप्सवर फिदा आहे त्यातल्या बऱ्याच तिथल्याच असणार. एका रॉक गायकाला, तो झिंगून आला म्हणून, कार्यक्रमातून हाकललं होतं, ती तर त्याने नक्की पाहिली असेल.

म्हणजे देशभर नाव व्हायच्या आधी चौदा वर्षं रेडिओत गेलेली होती. ही चौदा वर्षं क्लिपमध्ये येत नाहीत.

आता त्या फोन तोडण्याकडे वळू. रात्री एक वाजता स्टुडिओत काय असतं? समोर मायक्रोफोन, शेजारी एक स्क्रीन, काचेपलीकडे प्रोड्यूसर. आलेला फोन आधी प्रोड्यूसर घेतो, नाव-गाव-विषय विचारतो आणि स्क्रीनवर एक ओळ टाइप करतो. माणूस प्यायलेला आहे का, रडतोय का, की नुसताच कंटाळवाणा आहे, हेही तो कळवतो. प्रेझेंटर बोलता बोलता त्या ओळी वाचतो आणि पुढे कुणाला घ्यायचं ते ठरवतो. आणि कधीकधी स्क्रीन रिकामी असते. एकही फोन नाही, पुढे दीड तास काढायचाय, गाण्यांचा आधार नाही. अशा वेळी फोन खणखणायला लावणं ही खरी कारागिरी. एखाद्याला तुम्ही उर्मटपणे झिडकारलंत की ऐकणाऱ्यांतल्या चौघांना राग येतो आणि ते तुम्हाला ऐकवायला फोन उचलतात. व्हेलचा उर्मटपणा माझ्या मते बराचसा या हिशेबाचा होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करणारा माणूस फार तर एक आठवडा टिकेल. मुलाला सांगा, एखादा कार्यक्रम पूर्ण मिळाला तर सलग ऐक आणि अपमान सोडून बाकी वेळात तो काय करतो ते वहीत लिही. बहुतेक वेळ तो ऐकत असतो.

शिवाय बोललेलं लगेच हवेत जात नाही. फोन-इन कार्यक्रमात काही सेकंदांचा विलंब ठेवलेला असतो आणि नको ते वाक्य गाळायला एक बटण असतं. समजा, एखाद्याने फोनवर शेजाऱ्याचं नाव घेऊन त्याला चोर म्हटलं, किंवा कोर्टात चालू असलेल्या खटल्यातल्या आरोपीबद्दल काही ठोकून दिलं. पहिल्यात बदनामीचा दावा, दुसऱ्यात 1981 च्या कायद्याखाली कोर्टाचा अवमान. बटण दाबायचं की नाही, हे तेवढ्या सेकंदांत ठरवायचं. कायदा पाठ असल्याशिवाय ही खुर्ची कुणी देत नाही.

नियमाची ताकद कळायला व्हेलचंच उदाहरण पुरे. 1995 मध्ये टॉक रेडिओ यूके सुरू झालं तेव्हापासून तो तिथे होता. 2000 साली स्टेशनचं टॉकस्पोर्ट झालं, बाकी बहुतेक वेळ खेळांना गेला, तरी याचा रात्रीचा कार्यक्रम टिकला. एवढी वर्षं लोकांना मनात येईल ते बोलला. आणि 2008 मध्ये लंडनच्या महापौरपदाच्या निवडणुकीआधी त्याने श्रोत्यांना सांगितलं की बॉरिस जॉन्सनला मत द्या. मे महिन्यात करार संपवला गेला, आणि वर ऑफकॉमने, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेने, स्टेशनला 20,000 पौंडांचा दंड ठोठावला. तेरा वर्षांची नोकरी शिव्यांवरून नाही, एका शिफारशीवरून गेली. ब्रिटनमध्ये निवडणुकीच्या काळात लायसन्स असलेल्या स्टेशनने निःपक्ष राहायचं असतं आणि लायसन्स असतं मालकाच्या नावावर. प्रेझेंटर कितीही लाडका असो, मालक आधी लायसन्स वाचवणार.

दुसरा प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलाशी बोलताना याच्यावरच थांबा. 2018 मध्ये तेव्हाच्या टॉकरेडिओ या स्टेशनवर त्याने एका पत्रकार महिलेची मुलाखत घेतली. ती स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलत होती. व्हेलने आपला नेहमीचाच खाक्या लावला. तक्रारी झाल्या, स्टेशनने त्याला काही काळ कार्यक्रमापासून दूर ठेवलं, ऑफकॉमनेही नियमभंग झाल्याचं ठरवलं. वाद घालायला स्वतःहून फोन करणाऱ्याला झिडकारणं वेगळं आणि दुखावलेल्या माणसाला त्याच सुरात प्रश्न विचारणं वेगळं. चाळीस वर्षांच्या अनुभवानंतरही त्याला ते त्या दिवशी जमलं नाही. मुलाने ती बातमी शोधून वाचावी आणि आपण काय विचारलं असतं ते तुम्हाला सांगावं. त्याच्या उत्तरावरून तो या कामाला योग्य आहे का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

माणूस नुसता खडूस होता असंही नाही. 2000 साली मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला, एक मूत्रपिंड काढावं लागलं. त्यानंतर त्याने या आजारासाठी निधी उभा केला, त्याचीच पुढे किडनी कॅन्सर यूके ही संस्था झाली. आजार परतल्यावरही तो माइकसमोर येत राहिला. ऑगस्ट 2025 मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो गेला.

आता बाजाराची स्थिती. ज्या दारातून व्हेल आत शिरला ते दार आज जवळपास बंद आहे. शहराशहरांतली स्टेशनं मोठ्या कंपन्यांनी विकत घेतली, रात्रीचे कार्यक्रम एकाच ठिकाणाहून सगळीकडे जातात किंवा आधी रेकॉर्ड केलेले असतात. रेडिओ एअर हे नावसुद्धा 2020 मध्ये पुसलं गेलं, तिथे आता ग्रेटेस्ट हिट्स रेडिओ वाजतो. बोलण्याच्या कार्यक्रमांच्या खुर्च्या देशभरात मोजक्या आणि त्यावर बसलेले बहुतेक जण पत्रकारितेतून, राजकारणातून किंवा टीव्हीवर नाव कमावून आलेले. पॉडकास्टला लायसन्स लागत नाही हे खरं, पण पगारही कुणी बांधून देत नाही.

म्हणून युनिव्हर्सिटी नको, हे त्याचं म्हणणं मला पटत नाही. रेडिओची पदवीच हवी असं मात्र नाही. कायदा, राज्यशास्त्र, इतिहास, काहीही चालेल. कॉलेज निवडताना तिथल्या विद्यार्थी रेडिओची चौकशी आधी करा. यॉर्क युनिव्हर्सिटीचं यूआरवाय हे विद्यार्थ्यांचं स्टेशन साठच्या दशकापासून चालू आहे, लीड्समध्येही विद्यार्थ्यांचं स्टेशन आहे. रात्री दोनचा स्लॉट अशा ठिकाणी मागितला की मिळतो, कारण तो अजूनही कुणाला नको असतो. आणि खुर्चीचा हट्ट सोडून आधी काचेपलीकडे, फोन घेणाऱ्या प्रोड्यूसरच्या जागी बसायची तयारी हवी. नोकऱ्या तिथे जास्त आहेत आणि माणसाची पारख तिथेच येते.

पुण्याचं म्हणाल, तर हे काम जसंच्या तसं तिकडे नाही. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र काहीही न बदलता ऐकवता येतं. त्यामुळे राजकारणावर भांडणारा रात्रीचा फोन-इन तिथल्या खासगी स्टेशनवर होणं कठीण. आरजेचं काम आहे, पण त्याची जात वेगळी : गाणी, विनोद, शहरातल्या गप्पा, जाहिराती. मराठी चांगलं असेल तर तेही करता येईल. घरी तो मराठीत भांडतो की इंग्रजीत, ते तुम्हालाच माहीत.

या महिन्यात दोन कामं करा. एक, यूकासचा, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाचा अर्ज जानेवारीच्या मुदतीआधी भरून टाका. जागा मिळाल्यावर एक वर्ष पुढे ढकलण्याची सोय बऱ्याच अभ्यासक्रमांना असते, त्यामुळे अर्ज भरला म्हणजे तो हरला असं त्याला वाटायला नको. दुसरं, जवळच्या हॉस्पिटल रेडिओत स्वयंसेवक म्हणून त्याचं नाव द्या. वयाची अट कुठे सोळा, कुठे अठरा असते आणि डीबीएसची, म्हणजे गुन्ह्यांची नोंद नाही ना याची तपासणी लागू शकते, आधी विचारून घ्या. तिथे नव्या पोराला पहिल्या दिवशी माइक देत नाहीत. वॉर्डात फिरून, रुग्णांच्या खाटेशी उभं राहून कुणाला कोणतं गाणं हवं ते विचारून यावं लागतं. कुणी वीस मिनिटं गुडघ्याचं ऑपरेशन सांगत बसतं, कुणी ‘चालता हो’ म्हणतं. सहा महिने त्याने हे निभावलं तर मला पुन्हा लिहा, मग प्रोड्यूसरच्या कामाचं बोलू.

या शिफ्ट बहुतेक संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात. त्याला आणायला कोण जाणार, ते तुम्ही दोघांनी आधीच ठरवा. शक्यतो बाबांनी जावं.