वाचकांचे प्रश्न : चतु:सीमा, धुरा आणि मोजमाप

प्रश्न : कळमेश्वर तालुक्यातले आमचे 4 एकरांचे वावर विकायचे आहे. जुन्या खरेदीखतात चतु:सीमा अशी आहे : पूर्वेस पाटलांचे शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस पांधण (शेतरस्ता), दक्षिणेस धुरा (बांध). तीच नव्या खतात उतरवली तर चालेल का?

उत्तर : नोंदणी होऊन जाईल. पण उद्या वाद उभा राहिला तर यातली फक्त पांधण कामी येईल, तीही गावनकाशावर असेल तरच. पाटलांचे शेत आज कुणाच्या नावावर आहे, सांगता येत नाही. नाला पावसाळ्यात काठ खातो आणि सरकतो. ‘दक्षिणेस धुरा’ यातून धुऱ्यापलीकडे कोण आहे आणि धुरा कुणाच्या हिश्श्यात, दोन्ही कळत नाही. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 21 मध्येही मिळकत ओळखता येईल इतके वर्णन मागितले आहे : नाव, ठिकाण, क्षेत्रफळ, लागून असलेले रस्ते व मिळकती, आणि शक्य तिथे सरकारी नकाशाचा किंवा सर्व्हेचा संदर्भ.

आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते, तिच्यावरून मजकूर लिहावा. शेजाऱ्याचे नाव लिहायला हरकत नाही, पण आधी त्याच्या शेताचा खसरा (भूमापन) क्रमांक आणि मग नाव. नाव बदलते, क्रमांक सहसा टिकतो.

समजा वावराचे चार कोपरे क, ख, ग, घ आहेत. वायव्येच्या दगडापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरावे (प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका क्रमांक, ख.नं. म्हणजे खसरा क्रमांक, हे.आर. म्हणजे हेक्टर-आर) :

‘मौजा अमुक, प.ह.नं. अमुक, ख.नं. 47/2, क्षेत्र 1.62 हे.आर. पांधणीच्या दक्षिण कडेवरील दगड क पासून पूर्वेस 120 मीटरवर दगड ख, तेथून ख.नं. 48 च्या सामाईक धुऱ्याच्या मध्याने दक्षिणेस 120 मीटरवर दगड ग, तेथून ख.नं. 51 च्या सामाईक धुऱ्याच्या मध्याने पश्चिमेस 150 मीटरवर, नाल्याच्या पूर्व काठावरील दगड घ. तेथून नाल्याच्या पूर्वेने सरळ रेषेत उत्तर-ईशान्येकडे 123.7 मीटरवर पुन्हा दगड क.’

शेवटचे ‘पुन्हा दगड क’ गाळू नका. वर्णन जिथून निघाले तिथे परत आले नाही तर कुठले तरी माप चुकले आहे. पश्चिमेची बाजू तिरकी आहे, म्हणून ती 120 नाही, 123.7 आहे. टंकलेखकाला समोरासमोरच्या बाजू सारख्या लिहायची सवय असते, तेव्हा हा आकडा सहीपूर्वी बोट ठेवून वाचावा. नाल्याच्या बाजूला ‘सरळ रेषेत’ हे शब्दही हवेत, नाहीतर हद्द काठाबरोबर वळते की दगडापासून दगडापर्यंत जाते, यावर भांडण होते.

क्षेत्र घरी पडताळता येते. क–ग असा कर्ण ओढा. क-ख-ग त्रिकोण 7,200 चौ.मी., क-ग-घ त्रिकोण 9,000 चौ.मी., बेरीज 16,200, म्हणजे 1.62 हेक्टर. 4 एकर म्हणजे 1.6187 हेक्टर, सातबारावर तेच 1.62 होते.

प्रश्न : याच आकाराच्या वावरातला पूर्वेकडचा अर्धा भाग घेतो आहोत. ‘पूर्वेकडील 0.81 हे.आर.’ एवढे पुरे ना?

उत्तर : अजिबात नाही. वरच्या उदाहरणात पांधणीच्या बाजूने 120 चे अर्धे 60 मीटर मोजून सरळ दक्षिणेकडे दोरी मारली, तर 60 × 120 म्हणजे 7,200 चौ.मी. हाती येतात. 9 आर (900 चौ.मी.) गेले. उलट दक्षिणेकडून 150 चे अर्धे 75 धरले, तर विकणाऱ्याचे 9 आर जातात. पूर्वेकडून 67.5 मीटर रुंदीचा पट्टा घेतला तरच 8,100 चौ.मी. होतात. म्हणून दोन्ही टोकांची रुंदी खतात लिहा आणि पश्चिम सीमा ‘विक्रेत्याची उर्वरित जमीन’ अशी द्या. नव्या रेषेच्या दोन्ही टोकांना दगड खतापूर्वीच पुरावेत. नंतर पोटहिस्सा मोजणी (वेगळ्या झालेल्या भागाची मोजणी) लागतेच, आणि तुकडेबंदीची (फार लहान तुकडे पाडायला मनाईची) अट आधी तपासावी लागते.

प्रश्न : खतात क्षेत्र जास्त आहे, पण लिहिलेल्या चतु:सीमेत तेवढी जागाच बसत नाही. काय धरायचे?

उत्तर : सीमा स्पष्ट असतील आणि जागेवर ओळखता येत असतील, तर न्यायालये सहसा क्षेत्राच्या आकड्यापेक्षा सीमांना महत्त्व देतात. मात्र सीमाच मोघम असतील, किंवा व्यवहार सरळसरळ अमुक चौरस फुटांचा असेल, तर निकाल उलटाही लागतो. त्याआधी एक साधी गोष्ट बघा : सातबारावरच्या एकूण क्षेत्रात पोटखराबाही (लागवडीस अयोग्य भाग) असतो. ‘कमी भरली’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

प्रश्न : नागपूरच्या बेसा भागातला 30 × 50 फुटांचा प्लॉट घेताना टेपने काय तपासावे?

उत्तर : चारही बाजू आणि दोन्ही कर्ण. कर्ण दोन्हीकडे 58 फूट पावणेचार इंचांच्या आसपास आले तर कोपरे काटकोनात आहेत. चार बाजू बरोबर असूनही प्लॉट कललेला असू शकतो, तो फक्त कर्णात पकडला जातो. सुरुवात डांबराच्या कडेपासून करू नका. डांबर रस्त्याच्या पूर्ण रुंदीवर नसते. मंजूर नकाशात दिसणाऱ्या, लेआउटच्या कोपऱ्यावरच्या दगडापासून मोजत या. रांगेत पहिल्याने फूटभर पुढे सरकून कंपाउंड घातले की प्रत्येक जण पुढे सरकतो आणि शेवटच्या प्लॉटवाल्याला 29 फूट उरतात. रांगेतला शेवटचा प्लॉट घेत असाल तर पूर्ण रांग मोजा.

प्रश्न : मोबाइलच्या जीपीएसने हद्द ठरवता येईल का?

उत्तर : वावर साधारण केवढे आहे याचा अंदाज घ्यायला ठीक. उघड्यावरही फोन 3 ते 5 मीटर चुकतो. 30 फुटी प्लॉट तर जेमतेम 9.14 मीटर रुंद. मोजणीचा रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने मोजणारे यंत्र) काही सेंटिमीटरपर्यंत जागा दाखवतो, त्याची गोष्ट वेगळी. दिशेसाठी मात्र होकायंत्र चालते. नागपुरात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एका अंशाहून कमी आहे. फक्त लोखंडी फाटक, गाडी, बोअरचा पंप यांच्यापासून दूर उभे राहा.

प्रश्न : आमच्या लेआउटची मापे नागपूरच्या झिरो माईल स्तंभापासून धरलेली आहेत असे विकणारा म्हणतो. खरे का?

उत्तर : नाही. झिरो माईलच्या आवारातली सर्वेक्षणाची खूण समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते. तुमच्या प्लॉटची हद्द गावनकाशा, खसरा आणि मंजूर लेआउट यांवरून ठरते. विकणाऱ्याकडे ते कागद मागा.

प्रश्न : खतात पूर्व-पश्चिम सीमा अदलाबदल होऊन टंकित झाल्या. आता?

उत्तर : दोन्ही पक्षांच्या सह्यांचा चूक दुरुस्ती लेख करून तो नोंदवा आणि ‘क’ प्रत जोडा. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली क्षेत्र वाढवता येत नाही, तो नवा व्यवहार ठरतो आणि मुद्रांक शुल्क लागते. समोरचा सहीला येत नसेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 26 खाली दिवाणी न्यायालयात दुरुस्ती मागता येते. दाव्यात मिळकतीचे वर्णन लिहिताना जुन्या खतातला चुकीचा मजकूर आणि बरोबर मजकूर असे दोन्ही द्या.